एकोणतीस

मार्चअखेर. टेबलावर पाच जणांचे फॉर्म.
खिडकीखाली गाडी धुतायत,
पाण्याचा पाइप कुणीतरी चालूच ठेवून गेलंय.

निरपत जाटव, मुक्काम डबरा, वय चोवीस.
गुण एक ते पाच. शाई निळीच हवी.

वक्तशीरपणा : चार.
एक कापला तो धुक्याचा.
जानेवारीत घाटीगावच्या पुढे रस्ताच संपला होता डोळ्यांसमोरचा,
हा खाली उतरला आणि टॉर्च घेऊन
गाडीच्या पुढे पुढे चालत राहिला.
कागदावर एवढंच उतरलं :
तेवीस मिनिटं, मर्यादा वीस.

प्रेरणा.
भोपाळहून एक साहेब आले होते मागच्या महिन्यात.
पडद्यावर रांगेनं उडणारे पक्षी दाखवले,
सामोसे वाटले, विचारलं, या कामात का आलात?
सगळे म्हणाले, सेवा.
निरपत उभा राहिला :
सर, सुना था तनखा सात तारीख को आती है.
हशा झाला. साहेबही हसले.
त्या दिवशी तेवीस तारीख होती.
हा रकाना मी नंतर भरेन.

प्रशिक्षण म्हणजे मी.
कंपूतल्या खोलीत, गळक्या कूलरशेजारी,
रबराचा एक माणूस आडवा पडलेला असतो.
छाती नेमकी दाबली गेली की आतून टक् वाजतं.
पोरं त्याला मामाजी म्हणतात.
मामाजी दर मंगळवारी अकराला जातात,
चहाच्या आत परत येतात.

शिकवते हिंदीतच. कोहनी सीधी, कंधे ऊपर.
फक्त मोजायला लागले की जीभ घरी पळते.
चार पिढ्या लश्करात काढल्या आम्ही,
माझ्या बोलण्याला पुण्याची वहिनी तोंडावर पदर धरून हसते,
पण आकडे शाबूत आहेत :
सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस.
पहिल्याच दिवशी निरपतनं हात वर केला :
मॅडम, ये एकोणतीस क्या होता है?
तीसमें एक कम, म्हटलं. रुकना मत.
त्यानं ते वहीत उतरवून घेतलं.
त्याला वाटलं, हाही तंत्राचाच भाग.

आणि ती रात्र.
मोटारसायकल दुभाजकाला टेकलेली, कॅन आडवे,
डांबरावरून दूध वाहत चाललेलं, धुक्यात धुकं.
त्यातच गुडघे टेकून तो मोजत होता,
डबऱ्याच्या तोंडानं, माझ्या आईचे आकडे.
मी पिशवी दाबत होते.
बावीसला काहीतरी वाजलं. टक् नव्हे.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
चालू ठेव, म्हणाले मी. मराठीत.
त्याला कळलं.

मामाजींना बरगड्या नाहीत.
बारा वर्षं शिकवतेय,
एकाही पोराला सांगितलं नाही की मोडतात,
नीट केलं तरी मोडतात, तो आवाज हाताला ऐकू येतो.
घाबरतील, असं वाटायचं.
मलाही कुणी सांगितलं नव्हतं.
याचे गुण कुणाच्या फॉर्मात कापायचे?

दूधवाल्याचं पुढे काय झालं
हे फॉर्म विचारत नाही.
निरपतनंही विचारलं नाही.
पहाटे नळाखाली बूट धूत बसला होता,
पांढरं गेल्यावरही
बराच वेळ.

शेवटी अभिप्राय, दोन ओळींचा.
गेल्या वर्षी माझ्या फॉर्मवर कुणी लिहिलं होतं :
समाधानकारक.
लिहिते : मोजणी पक्की.
खोडते. नवा कागद मागावा लागेल आता.

खिडकीखाली पाणी अजून वाहतंय.
नव्या पोराला त्यानं टायरवर हात ठेवायला लावलेत,
आणि मोजतोय, उच्चार जरासा तिरपा.
मध्येच थांबतो :
सुन, कभी-कभी हड्डी टूटती है. बताया नहीं किसी ने?
टूटने दे. रुकना मत.
पुन्हा एकपासून.

अठ्ठावीस.
एकोनतीस.

पेन हातात तसंच धरून
मी तीसची वाट बघते.